बत्तीस रुपये साऱ्याचा उंबरठा

1920 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. त्या वेळी खेड्यातल्या माणसाला मत देता येईल की नाही, हे प्रामुख्याने एका आकड्यावर ठरत होते. त्याच्याकडच्या जमिनीचा आकार 32 रुपये हवा. रत्नागिरी, पंचमहाल आणि सिंधचा सरहद्दीचा भाग गरीब मानला गेला होता, म्हणून तिथे 16 रुपये पुरत. आजच्या सातबारा उताऱ्यावरही 'आकार' असतो, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र माणूस सरकारच्या लेखी मतदार आहे की नुसता रयत, याचे उत्तर त्याच रकान्यात होते.

32 रुपये म्हणजे किती जमीन? दख्खनच्या कोरडवाहू भागात एकरी सारा रुपयाच्या आतबाहेर असे. म्हणजे तीसेक एकर तरी हवेत, हलकी जमीन असेल तर आणखी जास्त. भावाभावांत वाटण्या होऊन पाच-सहा एकरांवर आलेला कुणबी या हिशेबात बसत नव्हता. भूमिहीनांचा तर प्रश्नच नव्हता. शहरात जमिनीऐवजी घरभाडे मोजत, आणि तिथेही चाळीतल्या एका खोलीत पाच-सहा जणांत भाडे वाटून राहणारा गिरणी कामगार बाहेर राहत असे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक कायदेमंडळांसाठी शंभरांत तीन माणसांनाही मत नव्हते.

दुसऱ्या टोकाला एकाच माणसाला एकाहून अधिक मते असू शकत. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या पदवीधरांसाठी वेगळी जागा होती. व्यापारी मंडळांना आणि गिरणीमालकांच्या संघाला स्वतंत्र जागा होत्या. मिळकतदार पदवीधर आपल्या वॉर्डात मत देई आणि विद्यापीठासाठीही देई. यात कोणाला अन्याय वाटत नव्हता, कारण मत हा हक्क नसून ऐपतीचा मान आहे, ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती.

या नियमांत एक फट मला फार बोलकी वाटते. पलटणीतून निवृत्त झालेल्या सैनिकाला जमिनीची अट नव्हती. दापोली, सातारा या बाजूला महार पलटणीतले निवृत्तिवेतनधारक बरेच होते. सुभेदार रामजी सकपाळ 1913 मध्ये वारले. 1920 पर्यंत जगले असते तर निवृत्त सुभेदार म्हणून त्यांना मत मिळाले असते. त्यांच्या जातीच्या बहुसंख्य माणसांना मात्र ते मिळणार नव्हते, आणि हे सर्वांत आधी आकडे मांडून सांगितले ते त्यांच्याच मुलाने.

27 जानेवारी 1919 रोजी साऊथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. वय 27, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या समितीपुढे साक्ष दिली होती. आंबेडकरांचे निवेदन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात आहे. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरीत आयुष्य गेले ते नोंदवह्या लिहिण्यात आणि तपासण्यात. त्यामुळे असेल, ते निवेदन वाचताना त्यातली जातिभेदाची चिकित्सा मनाला भिडली तरी नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. हा तरुण प्राध्यापक विचारत होता की, मिळकतीची अट सर्वांना सारखी लावली तर ती खरोखर सारखी असते काय? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळकत करू दिली नाही, त्यांना मिळकतीची अट घालणे म्हणजे आधीच्या बंदीवर दुसरी बंदी घालणे. म्हणून अस्पृश्यांसाठी ही पातळी खाली आणा, असे त्यांचे म्हणणे होते.

नऊ-दहा वर्षांत त्यांची मागणी पुढे गेली. 1928 मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात आणि पुढे मे 1929 च्या स्वतंत्र अहवालात त्यांनी सर्व प्रौढांना मत मागितले. निरक्षरांच्या हाती मत कसे द्यायचे, हा त्या वेळचा हुकमी आक्षेप होता. त्यावरचे त्यांचे उत्तर थोडक्यात असे: निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, आणि साक्षर झाला म्हणून माणूस शहाणा होतोच असे नाही. शिवाय मत म्हणजे एकत्र राहण्याच्या अटी ठरवण्याची ताकद. दुबळ्या माणसासाठी त्या अटी इतरच ठरवून टाकण्याचा धोका सर्वांत मोठा, म्हणून मताची गरजही त्यालाच सर्वांत जास्त. 1928 च्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकार मागितला होता. पण ही गरज नेमकी कोणाची, हे इतके उघड करून मांडलेले मला त्या काळात दुसरीकडे आढळले नाही.

स्त्रियांचे प्रकरण याच सुमाराचे. साऊथबरो समितीने स्त्रियांना मत देण्याची शिफारस केली नाही. मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन थेट लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडून आल्या. शेवटी हा निर्णय प्रांतांवर सोडला गेला. 1921 मध्ये आधी मद्रासने आणि पाठोपाठ मुंबईने स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर मत दिले. 'पुरुषांच्याच अटींवर' हे ऐकायला गोड लागते. पण जमीन आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असणाऱ्या समाजात किती बायकांना ते मिळाले असेल, हे सांगायला नको.

1935 च्या कायद्याने उंबरठा खाली आणला. मतदारांची संख्या तीन कोटींच्या पुढे गेली. स्त्रियांसाठी नव्या वाटा निघाल्या: लिहिता-वाचता येणारी, पात्र मतदाराची पत्नी, सैनिकाची निवृत्तिवेतन घेणारी विधवा किंवा आई. मात्र यातल्या काही पात्रतांसाठी स्वतः अर्ज करावा लागे. ही अट वरवर किरकोळ दिसते, पण ज्याने सरकारी कचेरीत कागदपत्रांचे काम केले आहे त्याला तिचे वजन कळेल. जमिनीचा सारा सरकारच्या दप्तरात असतोच, तो शोधायचे काम तलाठ्याचे. 'मला वाचता येते' हे मात्र बाईने उठून कचेरीत जाऊन सांगायचे. एकाचे नाव यादीत आपोआप येते, दुसरीला ते आणावे लागते. माझ्या मते मताधिकाराच्या आपल्याकडच्या इतिहासाचा कणा हाच आहे. कायद्यात कोणाला हक्क दिला हे एक, आणि यादीत नाव चढवण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर ठेवले हे दुसरे. पहिल्यावर ढीगभर लिहिले गेले, दुसऱ्यावर फार थोडे.

सर्व प्रौढांना मत का देत नाही, याचे सरकारी उत्तर 1932 च्या लोथियन समितीने दिले होते. डॉ. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. बहुमताचा निष्कर्ष असा की तत्त्व ठीक असले तरी व्यवहारात ते जमणार नाही. एवढ्या लोकांचे मतदान घ्यायला अधिकारी नाहीत, पोलीस नाहीत, आणि बहुसंख्य निरक्षर.

आता 1948 कडे या. फाळणीची होरपळ चालू होती, संस्थाने नुकती विलीन होत होती, मराठवाडा अजून निजामाकडे होता आणि संविधानाचा मसुदाही पक्का व्हायचा होता. अशा वेळी, संविधान लागू होण्याची वाट न पाहता, संविधान सभेच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना कळवले की 21 वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची यादी करायला लागा. प्रशासन बव्हंशी तेच, लोथियनच्या वेळी 'जमणार नाही' म्हणणारे. पण या वेळी जमिनीचा आकार पाहिला नाही, भाडे पाहिले नाही, बाईला अर्ज करायला सांगितले नाही. सरकारची माणसे घरोघर गेली. वास्तव्याची अट होती, 180 दिवसांची. निर्वासितांजवळ ना घर ना कागद, तेव्हा 'आम्ही इथेच राहणार' एवढे त्यांचे निवेदन पुरेसे मानले गेले. ओर्नित शनी या इस्रायली विदुषीने या कामावर 2018 मध्ये पुस्तक लिहिले आहे. हे काम आपल्याकडच्या कोणी आधी का केले नाही, अशी चुटपुट मला ते वाचताना लागली.

1951-52 च्या निवडणुकीत 17 कोटी 32 लाख मतदार होते. देशात साक्षरता होती 18 टक्के. म्हणून चिन्हे आली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आली. त्यातल्या बारा लाखांहून अधिक पेट्या आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

आणि तरीही सुमारे 28 लाख नावे कापली गेली. उत्तरेकडच्या काही राज्यांत बायकांनी यादी करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगितले नाही. नोंद झाली ती अमक्याची आई, तमक्याची बायको अशी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले. नावे सांगायला बिहारमध्ये मुदतही वाढवून दिली. तरी ज्यांनी सांगितली नाहीत त्या गेल्या. सेन यांचा हा कठोरपणा बरोबर होता की चूक? बाई ही स्वतंत्र मतदार आहे, कोणाची शेपूट नाही, हे त्यातून ठणकावले गेले, हे मला मान्य आहे. पण नाव न सांगण्याची शिकवण त्या बाईने स्वतः निवडलेली नव्हती आणि शिक्षा मात्र तिलाच झाली. आपल्याकडे रिवाज उलटा: नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाण्यातच! शिवाय लग्नात नावच बदलायची चाल. शाळेच्या दाखल्यावर सुशीला, सासरच्या रेशनकार्डावर वैशाली. असा मेळ न बसणारा कागद घेऊन उभ्या असलेल्या बायका मी कचेरीत किती पाहिल्या, त्याची गणती नाही.

हे सगळे आज उकरून काढायचे कारण 2025 मध्ये बिहारने दिले. मतदारयादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. 2003 च्या यादीत नाव नसेल तर ठरवून दिलेल्या कागदपत्रांपैकी पुरावा द्या, असे सांगण्यात आले. प्रारूप यादी आली तेव्हा सुमारे 65 लाख जुनी नावे तिच्यात नव्हती. ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. यादीतली मृतांची आणि दुबार नावे काढलीच पाहिजेत, याबद्दल माझा वाद नाही. आपल्या राज्यातही त्यावरून केवढा गदारोळ झाला ते वाचकांना ठाऊक आहे. पण 'आम्ही शोधतो, तुम्ही घरी असा' हे 1948 चे सूत्र, आणि 'तुम्ही सिद्ध करा, आम्ही तपासतो' हे आताचे. या दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि दुसऱ्या सूत्रात मला 1935 च्या अर्जाचा वास येतो.

आपल्याकडे याचा पहिला फटका कोणाला बसेल, हे शोधायला लांब जावे लागत नाही. दसरा झाला की बीड, पाथर्डी, आष्टीकडची ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे गाव सोडतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. यादीचे वार्षिक पुनरीक्षण, हरकती आणि दावे बहुतेक वेळा याच महिन्यांत येतात. मतदान केंद्रावरचा अधिकारी घरोघर जातो तेव्हा दाराला कुलूप, आणि आत असलीच तर एखादी म्हातारी. 'स्थलांतरित' असा शेरा मारायला इतके पुरते. दूर राहूनही आपल्या मतदारसंघासाठी मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने 2023 च्या जानेवारीत एका यंत्राचे प्रात्यक्षिक राजकीय पक्षांना दाखवायचे ठरवले होते. विरोध झाला आणि विषय मागे पडला. मुकादमाच्या वहीत मात्र याच माणसांची नोंद कोयत्यागणिक असते, नवरा-बायकोच्या नावासह, कारण उचल वसूल करायची असते. कारखान्याच्या गाळप हंगामात या फडांवर जाऊन यादी पडताळायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. तहसीलदाराचा एक आदेश आणि एक जीप पुरे.