गोदरेजने टाइपरायटर परत काढावा का? बंदुकीच्या कारखान्यातून वाशिमपर्यंत आलेल्या कीबोर्डची गोष्ट

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने वाशिमहून एक रील पाठवली. जुना गोदरेज टाइपरायटर, पिवळा उजेड, मागे हळू गाणं आणि कळांचा टकटक आवाज. खाली त्याचा मेसेज: "दादा, गोदरेजने हे परत काढायला पाहिजे. पहिला मी घेईन."

गंमत बघा. हाच पोरगा दोन महिन्यांनी लिपिक-टंकलेखक पदासाठी टायपिंगची चाचणी देणार आहे. फोनवर इंग्रजी अक्षरांत "kasa ahes" असं... थांबा, हे देवनागरीतच सांगतो: 'के ए एस ए' दाबून 'कसा' उमटवण्यात तो माझ्यापेक्षा फास्ट आहे. पण क्लासमधल्या कीबोर्डसमोर बसला की मिनिटाला बारा शब्द. मराठीला लागतात ३०. आणि ज्या कीबोर्डने त्याला रडवलंय, तो त्या रीलमधल्या मशीनचाच वारस आहे.

म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे नीट लिहितो.

आधी बंदुका, मग कळा

मराठी टायपिंग क्लासच्या पाटीवर 'रेमिंग्टन' हा शब्द तुम्ही पाहिला असेल. हे एका बंदूक कंपनीचं नाव आहे. ई. रेमिंग्टन अँड सन्स ही अमेरिकेतली १८१६ पासूनची कंपनी, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिची रिव्हॉल्व्हर मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. युद्ध संपलं, मागणी पडली, यंत्रं आणि कारागीर मात्र होतेच. मग कंपनीने शिलाई मशीन काढली, आणि १८७३ मध्ये ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या भागीदारांच्या टाइपरायटरचं काम घेतलं. पहिलं मॉडेल १८७४ मध्ये बाजारात आलं. ते शिलाई मशीनच्या स्टँडवर बसवलेलं होतं, अंगावर फुलं रंगवलेली, आणि ओळ संपली की पाय दाबून कॅरेज मागे न्यायची! त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. शिफ्टची कळ १८७८ च्या मॉडेलमध्ये आली.

१८८६ मध्ये कंपनीने टाइपरायटरचा धंदा विकला, तेव्हापासून बंदूकवाले रेमिंग्टन आणि टाइपरायटरवाले रेमिंग्टन वेगळे. आपल्याकडे राहिलं ते नाव आणि कळांची मांडणी.

गोदरेजची गोष्ट उशिरा सुरू होते. १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरुवात केलेल्या या मुंबईच्या कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. नव्वदच्या दशकात वर्षाला ५० हजारांच्या आसपास मशीन बनत होती. पुढे ती १०-१२ हजारांवर आली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबलं. २०११ मध्ये 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' अशी बातमी जगभर फिरली. ती चुकीची होती, कारण इतर ठिकाणी टाइपरायटर बनतच होते. ब्रदर कंपनीने ब्रिटनमधला आपला शेवटचा टाइपरायटर २०१२ मध्ये काढला. पण व्हायरल झालेली बातमी दुरुस्त कोण करतो? अजूनही ती दर वर्षी कुणीतरी फॉरवर्ड करतंच.

वेलांटी आधी का दाबायची?

माझ्या भावाचं खरं डोकं इथे फिरतं, आणि माझ्या मते टाइपरायटरची सगळ्यात भारी गोष्टही इथेच आहे.

टाइपरायटरला साधारण ४५ कळा. शिफ्टसकट नव्वदच्या आसपास ठसे. आता देवनागरी बघा: स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, जोडाक्षरं, रफार, आकडे. हे नव्वदात बसवायचं कसं? मांडणी करणाऱ्यांनी युक्ती केली. पुष्कळ व्यंजनांचा फक्त अर्धा ठसा ठेवला. अर्धा श दाबा, मग काना दाबा, झाला पूर्ण श. तोच अर्धा श जोडाक्षरातही चालतो. एका ठशात दोन कामं. मेमरी वाचवण्यासाठी आम्ही प्रोग्रामर जे करतो, ते या लोकांनी लोखंडात केलं होतं.

दुसरी गोष्ट, कॅरेज एकाच दिशेने सरकते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी दाबायची. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कळा दाबल्यावर कॅरेज सरकतच नाही. ठसा मागच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसतो. रफारही तसाच, अक्षर झाल्यावर वरून.

आपल्या 'वाशिम'चंच उदाहरण घ्या. रेमिंग्टन पद्धतीने सहा ठोके पडतात: व, काना, वेलांटी, अर्धा श, काना, म. फोनमध्ये युनिकोडने हाच शब्द पाच खुणांत साठवला जातो: व, काना, श, वेलांटी, म. म्हणजे युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं, आधी श आणि मग इ. स्क्रीनवर वेलांटी डावीकडे नेऊन ठेवण्याचं काम दुसरा प्रोग्रॅम करतो. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. 'अर्ज' हा शब्दही असाच. टाइपरायटरवर अ, ज, रफार. युनिकोडमध्ये अ, र, हलन्त, ज. म्हणजे टाइपरायटर दिसतं तसं लिहितो आणि फोन बोलतो तसं.

मधल्या काळात आणखी एक घोळ झाला. कृतिदेवसारखे फॉन्ट आले. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवले आणि टाइपरायटरची मांडणी तशीच ठेवली. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर कचरा. जुनी सरकारी फाइल फोनवर उघडली आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, असं झालंय ना? कृतिदेवमधला 'मराठी' शब्द म्हणजे आतून ई, जे, के, कॅपिटल बी, एच एवढंच असतं.

माझ्या पहिल्या नोकरीत अशा फाइली युनिकोडमध्ये बदलण्याचा कोड मी लिहिला होता. वेलांटी दिसली की पुढच्या एका अक्षरानंतर टाक, एवढं सोपं वाटलं होतं. 'स्थिती' शब्दाने माझी जिरवली. तिथे वेलांटीनंतर अर्धा स, मग अर्धा थ, मग काना येतो. माझा कोड वेलांटी अर्ध्या स नंतरच चिकटवत होता. शेकडो लोकांच्या नावांची अशी वाट लावली होती मी. टेस्टिंग करणाऱ्या मुलीने पकडलं म्हणून वाचलो, नाहीतर ती नावं दाखल्यांवर गेली असती.

मग मशीन परत काढायचं का?

जुन्या कंपनीने आपला गाजलेला माल परत आणावा का, हा प्रश्न बंदूकवाल्यांनाही पडला होता, आणि त्यांची उत्तरं उपयोगी आहेत. कोल्ट कंपनीने पायथन नावाचं रिव्हॉल्व्हर १९५५ मध्येच आणलं होतं, म्हणजे गोदरेजच्या टाइपरायटरच्याच वर्षी. २००५ च्या सुमारास ते बंद झालं. जुन्या पायथनचे भाग कारागीर हाताने घासून एकमेकांत बसवायचे, आणि तसे हात मिळणं महाग पडत गेलं. जानेवारी २०२० मध्ये कोल्टने ते परत आणलं, पण आतली रचना बदलून. सुटे भाग कमी केले आणि हाताचं बरंच काम संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे दिलं. उलट रेमिंग्टनने २०१४ मध्ये १९१८ च्या आपल्या पिस्तुलाचा नवा अवतार आर-५१ काढला. काही महिन्यांत सुरक्षेच्या तक्रारींमुळे विकलेला माल परत मागवावा लागला. पुढे २०१८ आणि २०२० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०२४ मध्ये इलियनचा तो जुना कारखानाही बंद झाला. आर-५१ मुळेच हे झालं असं नाही, पण नुसत्या जुन्या नावाने कंपनी वाचत नाही हे दिसलंच.

आणि त्यांचं यादवी युद्धातलं रिव्हॉल्व्हर? त्याच्या प्रतिकृती आज इटलीत उबर्टी आणि पिएट्टा या कंपन्या बनवतात. मूळ कंपनीशिवायही वस्तू जिवंत राहू शकते.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे बजाज चेतक. २०२० मध्ये ती परत आली ती विजेवर. नाव तेच, वळण थोडंफार तेच, आत सगळं नवीन. किक मारताना गाडी वाकवायची गरजच उरली नाही.

गोदरेजला हे जमेल का? माझं मत: मशीन म्हणून, नको. कारण मामांनी दाखवलं.

आमचे मामा वाशिमला तहसीलबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे. लोडशेडिंगच्या दिवसांत झेरॉक्सवाले हात बांधून बसलेले असायचे आणि मामांचं मशीन चालू. आता ते घरी असतात आणि मशीन कपाटावर. दिवाळीत मी गेलो तेव्हा त्यांनी ते खाली काढलं, एक ओळ मारली आणि मला म्हणाले, "वरची रेघ पाय."

शिरोरेषा तुटलेली होती. त, ल थोडे खाली, म थोडा वर. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, त्यामुळे एखादं केसभर खाली-वर झालं तरी डोळ्याला खटकत नाही. देवनागरीत सगळ्यांना एकाच रेषेखाली उभं राहायचं असतं. नव्वद ठसे, एकेका दांडीवर दोन-दोन, आणि सगळ्यांची वरची रेघ जुळली पाहिजे. ती जुळवायला मेकॅनिक दांडी हाताने किंचित वाकवायचा, कागदावर ठोका मारून बघायचा, परत वाकवायचा. वाशिमला असा मेकॅनिक आता नाही. मामा अकोल्याला मशीन न्यायचे, तो माणूसही वारला.

"गोदरेजने नवीन काढलं तर घ्याल का?" मी विचारलं.

"नवीन घेईन कोन बावा? मले ह्याचीच रिबीन भेटून नाही राहिली."

म्हणजे कोल्टला जो हातांचा प्रश्न आला, तोच इथे दुप्पट आहे. हाताचं काम यंत्रावर नेता येईल, पण त्यासाठी साचे, ठसे, दांड्या सगळं नव्याने बनवायचं, आणि घेणार कोण? रील बनवणारे शंभर-दोनशे. कॅफेवाले. माझा भाऊ, तेही पहिला पगार आल्यावर. इंग्रजी टाइपरायटर चीनमध्ये आजही नवीन बनतात, हौशी लोक घेतात. देवनागरीला तेवढं गिऱ्हाईक मला दिसत नाही.

मला गोदरेजकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. एक म्हणजे रिबिनी आणि झिजणारे थोडे भाग, कारण मामांसारख्यांची मशीन अजून दगडासारखी आहेत. दुसरी म्हणजे चेतकसारखं काहीतरी: गोदरेज नावाचा, दणकट कळांचा यूएसबी कीबोर्ड, कळांवर मराठी अक्षरं कोरलेली. आज बाजारात मराठी कोरलेला चांगला कीबोर्ड शोधून बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल. क्लासमधली मुलं इंग्रजी कीबोर्डवर स्टिकर चिकटवतात आणि महिन्याभरात घामाने ते निघतात.

पण कोरायची कुठली मांडणी? इथे भांडण आहे. भारत सरकारने ठरवलेली मांडणी इनस्क्रिप्ट आहे, १९८० च्या दशकातली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि क्रम उच्चाराचा, म्हणजे युनिकोडशी थेट जुळणारा. विंडोजमध्ये ती आधीपासून असते. इंग्रजी 'के'च्या कळेवर इनस्क्रिप्टमध्ये क येतो, रेमिंग्टनमध्ये काना. 'डी'वर इनस्क्रिप्टमध्ये हलन्त, रेमिंग्टनमध्ये क. आणि 'एफ'वर दोन्हीकडे ऱ्हस्व वेलांटी! फक्त एकीकडे ती व्यंजनाच्या आधी दाबायची आणि दुसरीकडे नंतर. दोन्ही शिकायला गेलात तर बोटं याच कळेवर सगळ्यात जास्त अडखळतात.

इंजिनिअर म्हणून विचाराल तर मी इनस्क्रिप्टच्या बाजूने. कोरी पाटी असेल तर तेच शिका. फोनवरही मराठी कीबोर्ड लावून महिनाभर इंग्रजी अक्षरं वापरू नका. कळांच्या जागा वेगळ्या असतील, पण व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर हा क्रम डोक्यात बसतो. पण क्लासमध्ये सहा महिने रेमिंग्टन केलं असेल आणि परीक्षा तोंडावर असेल, तर आता बदलू नका. आणि फॉर्म भरण्याआधी जाहिरातीत कुठली मांडणी चालते ते नीट वाचा. क्लासवाला सांगतो म्हणून गृहीत धरू नका.

भावाचा क्लास रेमिंग्टनचा, चाचणीत ती चालते, म्हणून त्याला तिथेच ठेवलं. अडचण होती वेलांटीची. फोनवर टाइप करून त्याचं डोकं उच्चाराच्या क्रमाने चालतं, बोटांनी चित्राच्या क्रमाने चालायचं होतं. मी यूट्यूबच्या लिंक पाठवल्या, काही फरक पडला नाही. मग तो रोज संध्याकाळी मामांकडे जायला लागला. मामांनी त्याला त्या तुटक्या शिरोरेषेच्या मशीनवर बसवलं. रिबीन वाळलेली, अक्षर जेमतेम उमटतं. पण तिथला बॅकस्पेस खोडत नाही. वेलांटी विसरला की 'शिव'चा 'शव' होतो आणि तो कागदावर तसाच राहतो. मामा तो कागद त्याच्याच आईला दाखवतात.

काल त्याचा मेसेज आला: मिनिटाला २६. खाली मामांचं एक वाक्य त्याने टाइप करून पाठवलंय, "तुह्या दादाले म्हना, पुन्याहून रिबीन घेऊन ये." तुमच्यापैकी कुणाला अर्ध्या इंचाची काळी-लाल रिबीन कुठे मिळते हे माहीत असेल तर कॉमेंटमध्ये दुकानाचा भाग सांगा, या शनिवारी मी निघतोय.