वात, ओल आणि पांढरं पाणी

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरच्या परिसरात उन्हाळा अंग भाजून काढतो. ‘अंगावरून पांढरं जाण्या’चं खापर उष्णतेवर किंवा अशक्तपणावर फोडायची रीत ग्रामीण महाराष्ट्रात जुनीच. मग मूग, ताक, सब्जा! चीनच्या वैद्यांनी याच तक्रारीत उलट ओल आणि गारवा पाहिला: प्लीहा दुबळी झाली की ओल खाली उतरते, असं त्यांचं गणित.

तिकडे हा विषय दुय्यम नव्हता. सातव्या शतकात सुन सिमियाओ या वैद्याने आपल्या मोठ्या ग्रंथात स्त्रियांचे उपचार आधी मांडले. 1237 मध्ये चेन झिमिंगने स्त्रीरोगांवर स्वतंत्र ग्रंथच रचला. आपल्याकडे चरकसंहितेने वीस योनिव्यापद, म्हणजे योनीचे विकार, मोजले आणि त्यांच्या मुळाशी वात धरला.

ग्रंथ होते, पण बाईला विचारलं कोणी?

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम करून डॉक्टर दांपत्य राणी आणि अभय बंग 1986 मध्ये गडचिरोलीत गेले. तिथल्या दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे हादरवणारे होते: 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. बऱ्याच दुखण्यांमागे जंतुसंसर्ग निघाला. ताक-सब्जाने तो हटणारा नव्हता. तोवर सरकारी आरोग्यसेवेचं लक्ष मात्र बाळंतपण आणि कुटुंबनियोजनावरच खिळलेलं होतं.