खेळाडूंची निवड आणि संघाचे घरपण
अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलमध्ये शालेय खेळाडूंना संघात आणण्यासाठी प्रशिक्षक त्यांच्या घरी जातात, पालकांना विद्यापीठ दाखवतात. कारण निर्णयात कुटुंबाचा वाटा मोठा असतो. टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक पॅट समिट (१९७४–२०१२) या १९९० मध्ये दिवस भरत आले असतानाही पेनसिल्व्हेनियातील एका खेळाडूच्या घरी गेल्या. ती खेळाडू प्रथम नोटर डेम विद्यापीठात गेली. नंतर मात्र टेनेसीत आली आणि १९९६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होती. समिट यांच्याकडे महाविद्यालयीन खेळाची पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. पालकांच्या विश्वासाला असा आधार लागतो. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली, संघबदलही सुकर झाला. त्यामुळे हे घरपण प्रवेशानंतरही जपावे लागते.