विळ्यापासून झिरो-टर्नपर्यंत

आमची कोल्हापूरची मंगळवार पेठ म्हणजे पाटाकडील आणि बालगोपाल तालमीची पेठ. इथं पोरांचा जीव फुटबॉलात. माझा पायाखालच्या हिरवळीतही.

पूर्वी हिरवळ विळ्यानं कापत. १८३० मध्ये इंग्लंडात स्ट्राउडजवळ एडविन बडिंगनं कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र घडवलं. पुढं मोठी यंत्रं घोडे ओढू लागले. हिरवळ उखडू नये म्हणून त्यांच्या खुरांना चामड्याचे जोडे घालत. आपल्याकडं ताजमहालाच्या बागेत हे काम बैलांनी केलं.

मग छोटा ट्रॅक्टर आला. तो माती ओढतो, मागं कटर जोडला की गवतही कापतो. पण वळायला जागा मागतो आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीत चाकोऱ्या पाडतो.

अमेरिकेत मॅक्स स्विशरनं १९४९ मध्ये जागेवर वळणारं यंत्र बनवलं. अशा यंत्राला झिरो-टर्न म्हणतात. आजच्या झिरो-टर्नमध्ये मागच्या दोन्ही चाकांना वेगळा दांडा असतो. एक चाक थांबवून वळलात तर तिथलं गवत सोलून निघतं. दोन्ही फिरती ठेवावी लागतात.

शेताला ट्रॅक्टरच हवा. खेळाच्या मैदानाला मात्र झिरो-टर्न आणि तो जपून चालवणारा हात, हे माझं ठाम मत.