पंप कुठल्या वस्तीत बसला?

नवं यंत्र आलं की आरोग्य सुधारतं, असं आपण नेहमी ऐकतो. आज आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडची गोष्ट सांगतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा अहमदनगर होतं.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं. त्या काळी त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. दवाखाना सुरू झाला, पण मरण होतं गावात: हगवण, उपासमार, बाळंतपणातला धनुर्वात. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, कितीतरी दलित घरांतल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात परतून तेच काम करत. अडाणी बाईच्या हातात औषध कसं द्यायचं, हा प्रश्न तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडला होता!

त्यांची साधनं कोणती? साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, बाळाचा वजनकाटा. आणि हगवणीवर मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ त्याहून जास्त नको. 1971 साली बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. एवढं मोठं शास्त्र, आणि ते मावतं आपल्या स्वयंपाकघरात.

मग 1972 चा दुष्काळ. आपल्या सासवा अजून त्याच सालापासून वर्षं मोजतात. विहिरी आटल्या आणि पाण्यासाठी बोअर घेऊन हातपंप बसवायची वेळ आली. जामखेडच्या कामात एक गोष्ट ठरवून झाली: पंप दलित वस्तीत बसवायचे. ज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, त्यांच्या दारात पाणी आलं, आणि बाकीच्या गावाला हंडा घेऊन तिथं यावं लागलं. पंप तोच, खर्चही तेवढाच. तो वरच्या आळीत बसला असता तर शिवाशिव तशीच राहिली असती आणि दलित वस्तीतल्या पोरांची हगवणही. आम्हाला तर या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

पुढे 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 च्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी 20 च्या आसपास आला. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगावी आशाताई आल्या. गावच्याच बाईनं गावचं आरोग्य बघायचं, ही वाट जामखेडनं आधीच दाखवली होती.

आता साधन आहे मोबाइल. 2020 पासून ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं. पण आमच्या गटांच्या बैठकीत विचारलं, तर फोन घरात असतो आणि असतो मुलाच्या नाहीतर मालकाच्या खिशात. अंगावरून जातंय, हे डॉक्टरला सांगायला लेकाकडून फोन मागायचा कसा? आशाताईंनाही हेच कोडं पडतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं हिशेबाच्या वहीत एक पान जास्तीचं घालावं. किती बायकांकडे स्वतःचा फोन आहे, किती जणींना तो एकटीनं लावता येतो, आणि विधवा, भूमिहीन, गावाबाहेरच्या वस्तीवरच्या बायका त्यात किती आहेत. मोजणी त्या वस्तीपासून सुरू करा.