40 पौंड कमी

डेट्रॉइट, 1952. खिशातला मोबाइल आतच ठेवा, इथे तो निव्वळ काचेचा तुकडा आहे. शेव्हरोलेच्या ड्रॉइंग ऑफिसात शिरा. तिरकी टेबलं, त्यांवर ताणून बसवलेले कागद, टी-स्क्वेअर, शिसपेन्सिलींचा भुगा आणि सिगरेटचा धूर. टाय लावून, बाह्या सरसावून माणसं कागदावर ओणवी झाली आहेत. मान वर करून तुमच्याकडे पाहायला कोणालाच सवड नाही. नवा चीफ इंजिनिअर आला आहे, आणि आधीच्या मंडळींनी आखलेलं व्ही-एट, म्हणजे व्हीच्या आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचं, इंजिन त्याने आल्या आल्या बाजूला सारलं आहे.

हा एड कोल. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, कॅडिलॅकमधून आलेला. 1949च्या कॅडिलॅकचं गाजलेलं इंजिन ज्यांनी घडवलं त्यांतला एक. पण कॅडिलॅक ही धनिकांची गाडी. शेव्हरोले शाळामास्तरांची, दुकानदारांची, चार पोरं मागच्या सीटवर कोंबणाऱ्या घरांची. टिकाऊ, भरवशाची आणि कमालीची कंटाळवाणी. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन 1929 पासून चालत आलेल्या घराण्यातलं. समोर फोर्ड 1932 पासून सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट विकते आहे आणि तरुण मंडळी तिकडे वळताहेत. शेव्हरोलेनेही पूर्वी 1917-18 मध्ये एक व्ही-एट काढून पाहिलं होतं. ते चाललं नाही आणि मग कोणी त्या वाटेला गेलं नाही.

कोलला आठ सिलिंडर हवे आहेत, पण कॅडिलॅकच्या किमतीत नकोत. त्यामुळे या खोलीतला प्रश्न ताकद वाढवायची कशी हा नाहीच. प्रश्न आहे तो काय काय काढून टाकता येईल हा.

त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी थांबा. कागदावर इंजिनाचा आडवा छेद आहे. खाली दोन रांगांच्या बेचक्यात कॅमशाफ्ट, तिथून वर जाणारा पुशरॉड, आणि हेडवर रॉकर. पुशरॉडने एका टोकाला वर ढकललं की रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. आजवरच्या इंजिनांत हे रॉकर जाड धातूचे, मशीनवर घासून अचूक केलेले आणि सगळे मिळून एका लांब शाफ्टवर ओवलेले. त्या शाफ्टला धरायला ब्रॅकेट हवेत, तेल पोचवायची सोय हवी. म्हणजे वजन आणि खर्चही.

आता या कागदावर बघा. शाफ्टच नाही. प्रत्येक रॉकर स्वतंत्र, प्रेसमध्ये दाबून काढलेल्या पोलादी पत्र्याचा, आमटीच्या पळीसारखा खोलगट. हेडमधून एक स्टड वर आलेला, त्यावर रॉकर, रॉकरच्या खोलगट भागात अर्धगोल बसवलेला आणि वरून नट. त्या अर्धगोलावर रॉकर डोलतो. टॅपेट सेट करायचं तर तोच नट पिळायचा. तेल? पुशरॉड पोकळ ठेवला आहे, त्याच्यातूनच ते वर चढतं. ही कल्पना मूळची शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सच्याच पाँटिअॅक विभागातल्या एका इंजिनिअरची. शेव्हरोलेने ती उचलली आणि तिचं सोनं केलं. मला विचाराल तर 1955च्या नव्या शेव्हरोलेचं सगळं मर्म त्या पत्र्याच्या तुकड्यात आहे. तो स्वस्त आहे म्हणून परवडतो, आणि हलका आहे म्हणून इंजिन जास्त वेगाने फिरू शकतं. काटकसर आणि ताकद एकाच जागी भेटतात, असं यंत्रांच्या दुनियेत फार वेळा घडत नाही.

उरलेल्या कागदांवरही हाच ध्यास दिसेल. दोन्ही बाजूंची हेड एकाच साच्यातली, डावं-उजवं असा भेद नाही. इनटेक मॅनिफोल्डच बेचक्यावरचं झाकणही होतो, वेगळं झाकण नको. सिलिंडरचा व्यास सुमारे 95 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव त्याहून कमी, जेमतेम 76. त्यामुळे इंजिन बुटकं आणि आटोपशीर झालं. बिडाच्या भिंती पातळ. शेवटी तराजूवर ठेवलं तेव्हा हे 4.3 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सुमारे 40 पौंडांनी हलकं भरलं. साध्या कार्ब्युरेटरवर 162 हॉर्सपॉवर, मोठ्या कार्ब्युरेटरवर 180. जुन्या सहा सिलिंडरची मजल गिअरबॉक्सप्रमाणे 123 किंवा 136.

चला, आता स्टायलिंग विभागात. इथे पेन्सिलीच्या भुग्याऐवजी चिकणमातीचा वास आहे. खऱ्या आकाराची गाडी मातीची उभी आहे, आणि माणसं पट्टीसारख्या हत्यारांनी तिच्या अंगावरून पातळ पापुद्रे काढताहेत. विभागाचे सर्वेसर्वा हार्ली अर्ल, सहा फुटांहून कितीतरी उंच. त्यांना गाड्या लांब आणि बसक्या हव्या असतात. शेव्हरोलेचा स्टुडिओ क्लेअर मॅकीकन सांभाळतात. इंजिन बुटकं आहे म्हणून बॉनेट खाली आणता आलं, हे इथली माणसं जाणतात. बाहेरच्यांना वाटेल की सगळी करामत मातीचीच. पुढची जाळी चौकोनी भोकांची, फेरारीवरून सुचलेली. ती अर्ल यांच्या मर्जीतली होती, गिऱ्हाइकांच्या मात्र पसंतीस उतरली नाही. 1956 मध्ये जाळी रुंद करून पुढचा सगळा चेहराच भरून टाकला. माझ्या मते 1955चीच जाळी सुंदर होती, आणि लोक चुकले.

आता मिशिगनमधलंच फ्लिंट गाव, 23 नोव्हेंबर 1954. जुळणीच्या लाइनवरून या नव्या शेव्हरोलेची बेल एअर आवृत्ती, सोनेरी रंगाची, उतरते आहे: जनरल मोटर्सची पाच कोटीवी गाडी. बँड, फोटो, भाषणं. तिथे फार थांबू नका, काही दिवसांनी या. मग लाइन नेहमीसारखी चालू असेल आणि बोलायचं तर ओरडावं लागेल. नारिंगी रंगाचं इंजिन साखळीला टांगून खाली येतं, दोघं ते हाताने वळवून चेसिसवर बसवतात. याच गावात 1936-37 च्या हिवाळ्यात कामगारांनी कारखान्यात ठिय्या मांडून युनियनला मान्यता मिळवली होती. ती लढाई झाली नसती, तर आज हे इंजिन बसवणाऱ्यांपैकी कितीजण ही गाडी विकत घेऊ शकले असते, याचा विचार जाहिराती लिहिणाऱ्यांनी कधी केला नाही.

गाडी शोरूममध्ये 28 ऑक्टोबरलाच आली आहे. चार दारांची बेल एअर सुमारे 1,900 डॉलर. व्ही-एट हवं तर आणखी शंभरेक. दोन रंगांतली निवडा, तीच या गाडीला शोभते. मागच्या दिव्याखाली छोटा व्ही दिसला तर आत आठ सिलिंडर आहेत. डावीकडून आत बसा. पुढची सीट अखंड बाकासारखी, तिघं आरामात मावतात. समोर पंख्याच्या आकाराचा स्पीडोमीटर, आणि तोल साधायला पलीकडे तशाच आकारात रेडिओचा स्पीकर. किल्ली फिरवा. आधीच्या गाड्यांत 6 व्होल्टची बॅटरी होती, आता 12 आहे. थंडीतही इंजिन पटकन उठतं.

रस्त्याला लागा. पुढच्या चाकांना किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आहेत, त्यामुळे वळणावर गाडी अडखळत नाही. मागचे पाटे लांब केलेत. टायर ट्यूबलेस. काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून ताजी हवा आत येते. पेडल दाबा. शाळामास्तरांची गाडी आणि असा जोर! 1955च्या सप्टेंबरात डार्लिंग्टनला हर्ब थॉमस या गाडीवर सदर्न 500 शर्यत जिंकतो, तेव्हा नवल करणाऱ्यांनी तिचं बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं. त्या वर्षी अशा 17 लाखांवर गाड्या बनल्या.

पण वेग वाढवण्यापूर्वी हात कमरेशी नेऊन बघा. सीटबेल्ट नाही. छातीसमोर स्टीअरिंगचा ताठ, न दबणारा दांडा, समोर पोलादी डॅशबोर्ड. नको ते काढून टाकणाऱ्या या मंडळींनी हवं तेही काही वगळलं: 1955च्या इंजिनाच्या ब्लॉकवर ऑइल फिल्टर बसवायला जागाच नाही, ती पुढच्या वर्षी आली. ती चूक वर्षभरात सुधारली. माणसाच्या छातीचा हिशेब मात्र कोणी मांडलाच नव्हता. 2009 मध्ये अमेरिकेतल्या वाहनविमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 1959ची बेल एअर आणि 2009ची मालिबू ताशी 40 मैलांच्या वेगाने एकमेकींवर आदळवली. जुनीत चालकाच्या जागी बसवलेला पुतळा माणूस असता तर बहुधा वाचला नसता, नवीतला बचावला असता. जुन्या गाड्या दणकट असायच्या, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ती चित्रफीत एकदा बघावी.

मुंबईशी या गाडीची गाठ थोडक्यात चुकली. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना 1928 पासून शेव्हरोले जुळवत होता. नुसती जुळणी नको, सुटे भागही इथेच बनवा, असं धोरण सरकारने घेतल्यावर कंपनीने 1954 मध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे फ्लिंटमध्ये नवं इंजिन लाइनवर चढलं त्याच वर्षी शिवडीची लाइन बंद पडली. 

कोल पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. या इंजिनाचा वंश त्यांच्याहून दीर्घायुषी ठरला: नोव्हेंबर 2011 मध्ये या कुळातलं दहा कोटीवं इंजिन तयार झालं. मधल्या काळात जवळजवळ सगळं बदललं, पण शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतलं 4.4 इंचांचं अंतर तेवढं तसंच राहिलं. मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या एखाद्या रॅलीत 1955ची बेल एअर दिसलीच, तर क्रोमसोबत फोटो काढून निघून येऊ नका. मालकाला विनंती करून बॉनेट उघडायला लावा, आणि जमलं तर रॉकरचं झाकणही.