अमृतसर : सरोवर आणि बाग

महाराष्ट्रांतून उत्तरेच्या यात्रेस निघणारीं कुटुंबें अमृतसरास आवर्जून उतरतात. सकाळीं सुवर्णमंदिराचें दर्शन, दुपारीं जालियनवाला बाग आणि उरलेल्या वेळांत बाजार, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या ठिकाणीं डोकें झांकून व पाय धुवून जावयाचें, दुसऱ्या ठिकाणीं मान खालीं घालून घटकाभर उभें राहावयाचें. एक स्थळ भक्तीच्या खात्यांत, दुसरें देशभक्तीच्या. या दोहोंमधील अंतर थोड्या मिनिटांच्या चालीचें आहे. पण बहुतेक प्रवाशांच्या मनांत तें फार मोठें असतें. वस्तुतः या दोन जागांचा इतिहास वेगळा करतां येत नाहीं. मंदिराच्या दर्शनास आलेले लोक बागेंत मारले गेले. आणि पुढें दीड वर्षानें बागेंत भरलेल्या एका सभेंतून उठून जे लोक मंदिराकडे गेले, त्यांच्यामुळें मंदिराचा कारभार पालटला. सरोवराकडून बागेकडे आणि बागेकडून पुन्हां सरोवराकडे, असा हा मार्ग आहे.

अमृतसर नगरीचा जन्मच सरोवरापासून झाला. शिखांचे चौथे गुरु रामदास यांनीं १५७७ सालीं येथें तळें खोदविण्यास आरंभ केला, आणि त्या अमृताच्या सरोवरावरून शहरास नांव मिळालें. त्यांचे पुत्र, पांचवे गुरु अर्जनदेव, यांच्या काळीं सरोवराच्या मध्यभागीं हरिमंदिर उभें राहिलें. त्याचा पाया १५८८ सालीं घातला गेला, आणि लाहोरचे सूफी सत्पुरुष मियां मीर यांच्या हस्तें तो घातला गेला, अशी परंपरा आहे. मंदिराच्या रचनेंतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. देवळाच्या उंच जोत्यावर चढून जाण्याची संवय असलेल्या माणसास येथें उलट पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें. आणि मंदिरास चारी दिशांना दरवाजे आहेत. कोणत्याही वर्णाच्या माणसानें कोणत्याही दिशेनें यावें, असा त्यांचा अर्थ सांगतात.

१६०४ सालीं या मंदिरांत ग्रंथाची स्थापना झाली. त्यांत गुरूंच्या वाणीबरोबर विणकर कबीर, चर्मकार रविदास आणि शिंपी नामदेव यांचीं पदें आदरानें समाविष्ट केलेलीं आहेत. नामदेवांच्या नांवावरील पदांची संख्या ६१ आहे. पंढरीच्या वाळवंटांत ज्यांचें नांव घेतलें जातें, त्यांचीच वाणी येथें रागदारींत गायिली जाते. त्यामुळें मराठी यात्रेकरूला हें मंदिर परकें वाटण्याचें कारण नाहीं. गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान हें गांव नामदेवांच्या पंजाबांतील वास्तव्याची आठवण आजही जपून आहे, आणि २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गांवीं भरलें होतें.

मंदिरासमोरच अकाल तख्ताची वास्तु आहे. सहावे गुरु हरगोविंद यांनीं १६०६ च्या सुमारास हें तख्त स्थापन केलें. पित्याच्या बलिदानानंतर त्यांनीं दोन तलवारी कमरेस बांधल्या. एक ऐहिक सत्तेची, एक आध्यात्मिक सत्तेची. मीरी आणि पीरी या शब्दांनीं ही जोडी ओळखली जाते. हरिमंदिरांत नामस्मरण करावें आणि तख्तासमोर लोकांच्या प्रश्नांचा निर्णय करावा, अशी ती योजना होती. एका अंगणांत भक्ति आणि लोककारण समोरासमोर बसविलेलीं असावींत, याचें मर्म ध्यानीं आलें म्हणजे पुढील इतिहास आपोआप उलगडतो.

१८४९ सालीं पंजाबचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. पंजाब हातीं ठेवावयाचा तर अमृतसरच्या मंदिरावर नजर असली पाहिजे, हें नव्या राज्यकर्त्यांनीं ओळखलें होतें. मंदिराचा व्यवस्थापक, ज्यास सरबराह म्हणत, तो सरकारच्या मर्जींतला असे. मंदिरांतील कीर्तन चालू राहिलें, दिवे लागत राहिले. पण तख्तासमोर लोकांनीं आपला निर्णय करावा, ही प्रथा मात्र मिटत गेली.

अशा स्थितींत १९१९ सालचा एप्रिल महिना उजाडला. रौलट कायद्याविरुद्ध देशांत असंतोष पेटला होता. ९ एप्रिल रोजीं रामनवमी होती. त्या दिवशींच्या अमृतसरच्या मिरवणुकींत मुसलमान मोठ्या संख्येनें सामील झाले, आणि हिंदु व मुसलमान एकाच भांड्यांतून पाणी प्याले. सरकारी चौकशीसही या घटनेची नोंद घ्यावी लागली. दुसऱ्याच दिवशीं, १० एप्रिलला, डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल या दोन पुढाऱ्यांना अधिकाऱ्यानें भेटीस बोलावून गुपचूप धर्मशाळेस पाठवून दिलें. त्यांच्या सुटकेची मागणी करण्यास निघालेल्या जमावावर रेल्वेच्या पुलाजवळ गोळीबार झाला. त्यानंतर खवळलेल्या लोकांनीं जाळपोळ केली आणि पांच युरोपियन मारले गेले. शहर जनरल डायरच्या हातीं गेलें.

१३ एप्रिल हा वैशाखीचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून शेतकरी सरोवराच्या स्नानास आणि गुरांच्या बाजारास आले होते. सभाबंदीची दवंडी सकाळीं फिरविली गेली खरी, पण शहराच्या कित्येक भागांत ती पोंचलीच नाहीं. दुपारीं जालियनवाला बागेंत सभा भरली. बाग हें केवळ नांव. प्रत्यक्षांत ती चोहोंकडून घरांच्या मागील भिंतींनीं वेढलेली एक ओसाड पटांगणासारखी जागा होती. सभेस म्हणून आलेले लोक तेथें होते, तसेच दर्शन आटोपून सावलीला टेकलेले गांवकरी आणि त्यांचीं मुलेंबाळेंही होतीं. डायर पन्नास बंदुकधारी शिपाई घेऊन आला. बोळ अरुंद असल्यामुळें त्याच्या चिलखती गाड्या बाहेर राहिल्या. त्या आंत नेतां आल्या असत्या तर त्यांवरील यंत्रतोफाही चालविल्या असत्या, असें त्यानें पुढें चौकशींत स्वतःच सांगितलें. कसलीही सूचना न देतां सुमारें दहा मिनिटें गोळीबार चालला. १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आंकडा ३७९ मृतांचा आहे. राष्ट्रसभेच्या चौकशीनें तो हजाराच्या घरांत धरला. रात्रीं संचारबंदी असल्यामुळें जखमींना पाणी देण्यासही कोणी येऊं शकलें नाहीं. रतनदेवी नांवाच्या स्त्रीनें पतीच्या शवाशेजारीं ती सारी रात्र एकटीनें काढली. तिची जबानी राष्ट्रसभेच्या अहवालांत आहे. तो अहवाल करणाऱ्यांत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हेही होते.

या कत्तलीनंतर जें घडलें तें शीख समाजाच्या जिव्हारीं लागलें. ज्या मंदिराचे यात्रेकरू बागेंत पडले, त्याच मंदिराचा सरकारनियुक्त व्यवस्थापक अरूरसिंग यानें डायरला मानाचें वस्त्र, म्हणजे सरोपा, देऊन त्याचा गौरव केला. मंदिर कोणाच्या ताब्यांत आहे, याचा उलगडा करण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाहीं. राजकीय पारतंत्र्य एकीकडे आणि धर्मस्थानाची दुरवस्था दुसरीकडे, अशी जी वांटणी लोक मनाशीं करीत असत, ती या एका वस्त्रानें पुसून टाकली. लोकक्षोभामुळें १९२० सालीं अरूरसिंगास आपलें पद सोडावें लागलें.

मध्यंतरीं १९१९ च्या डिसेंबरांत पंडित मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें अधिवेशन याच शहरांत भरलें. लोकमान्य टिळकांचें तें शेवटचें अधिवेशन. सरकारनें देऊं केलेल्या सुधारणांविषयीं प्रतियोगी सहकारितेची भूमिका त्यांनीं येथेंच मांडली. बागेची जमीन पुढें १९२० सालीं लोकवर्गणींतून विकत घेण्यांत आली. पण ही जागा केवळ स्मशान म्हणून राहिली नाहीं.

१९२० च्या ऑक्टोबरांत याच जालियनवाला बागेंत एक वेगळी सभा भरली. शीख धर्मांत आलेल्या, पण अस्पृश्य म्हणून दूर ठेवल्या गेलेल्या जातींची ती सभा होती. खालसा कॉलेजांतील कांहीं अध्यापक व विद्यार्थी त्यांच्या पाठीशीं होते. सभेनंतर ही मंडळी कडाह प्रसाद घेऊन हरिमंदिराकडे गेली. तेथील पुजाऱ्यांनीं त्यांचा प्रसाद स्वीकारण्यास नकार दिला. ज्या ग्रंथांत रविदासांची वाणी पूज्य मानलेली आहे, त्याच ग्रंथापुढें रविदासांच्या जातीच्या हातचा शिरा विटाळ ठरत होता! वाद वाढला, अखेर ग्रंथाचाच कौल घ्यावा असें ठरलें. ग्रंथ उघडला, आणि जें वचन निघालें तें आलेल्यांच्या बाजूचें होतें. प्रसाद स्वीकारला गेला, वांटला गेला. मंडळी तेथून अकाल तख्ताकडे वळलीं, तों तेथील पुजारी जागा सोडून निघून गेले. तख्त रिकामें राहूं नये म्हणून पंचवीस जणांच्या तुकडीनें त्याची सेवा हातीं घेतली. १५ नोव्हेंबर १९२० रोजीं तख्तासमोर भरलेल्या मेळाव्यानें १७५ सभासदांची समिति निवडली. तीच शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समिति.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. परकीय सत्तेच्या हातून मंदिर सोडविण्याची वाट स्वकीयांनीं दूर लोटलेल्या माणसांनीं मोकळी केली. चार दरवाजे बांधणाऱ्यांचा हेतु तीन शतकांनंतर पुन्हां खरा करून दाखविला तो त्यांनीं. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें १९३० सालीं डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांनीं आणि पंढरपुरीं १९४७ सालीं साने गुरुजींच्या उपोषणानें जो प्रश्न महाराष्ट्रासमोर उभा केला, तोच हा प्रश्न. आम्हांला स्वातंत्र्य हवें, असें म्हणणाऱ्या समाजाला आपल्या देवाच्या दारांत प्रथम उत्तर द्यावें लागतें.

पुढील घटना याच क्रमानें आल्या. १९२१ च्या नोव्हेंबरांत सरकारनें मंदिराच्या तोषखान्याच्या किल्ल्या काढून घेतल्या. सभा झाल्या, पकडापकडी झाली, तुरुंग भरले. आणि १९ जानेवारी १९२२ रोजीं सरकारी प्रतिनिधीनें भरल्या मेळाव्यांत त्या किल्ल्या बाबा खडकसिंग यांच्या स्वाधीन केल्या. स्वातंत्र्याची पहिली निर्णायक लढाई जिंकली, अशा आशयाची अभिनंदनपर तार गांधीजींनीं पाठविली. त्याच वर्षीं अमृतसरपासून जवळ असलेल्या गुरु का बाग येथें लंगरासाठीं लांकूड तोडण्याच्या हक्कावरून सत्याग्रह झाला. तुकड्या रोज अकाल तख्तासमोर हात न उगारण्याची शपथ घेत, चालत जात, लाठ्या खात आणि पडत. त्यांत पूर्वीं सैन्यांत लढलेले धिप्पाड शिपाईही होते. दीनबंधु अँड्र्यूज यांनीं हें दृश्य स्वतः पाहून त्याचें वर्णन जगापुढें ठेवलें. पांच हजारांहून अधिक माणसें तुरुंगांत गेलीं. शेवटीं १९२५ सालीं गुरुद्वारा कायदा झाला आणि धर्मस्थानें समाजाच्या निवडलेल्या प्रतिनिधींच्या हातीं आलीं.

आज अमृतसरास जाणाऱ्यानें या दृष्टीनें तीं स्थळें पाहावींत. हरिमंदिराच्या पायऱ्या उतरतांना चार दरवाजे मोजावेत. अकाल तख्तासमोर उभें राहून आठवावें कीं, १९८४ च्या जूनमधील लष्करी कारवाईंत येथील जुनी इमारत उद्ध्वस्त झाली आणि आजची वास्तु तिच्या जागीं नव्यानें उभारलेली आहे. या अंगणाचें दुःख १९४७ सालीं संपलें नाहीं. नंतर लंगरांत पंगतीस बसावें. शेजारीं कोण बसला आहे हें विचारण्याची तेथें रीत नाहीं. त्या न विचारण्याची किंमत १९२० सालीं कोणी चुकविली, तें मात्र विसरूं नये.

मग बागेकडे जावें. तेथील स्मारकाचें उद्घाटन राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें १३ एप्रिल १९६१ रोजीं झालें. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा आणि लोकांनीं जीव वांचविण्यासाठीं ज्या विहिरींत उड्या टाकल्या ती विहीर, हीं अजून दिसतात. आंत जाण्याच्या अरुंद बोळाच्या साध्या भिंतींवर २०२१ च्या नूतनीकरणांत माणसांचीं शिल्पें बसविण्यांत आलीं. त्यामुळें बोळाचें मूळचें भयाण रूप नाहींसें झालें, अशी खंत इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनीं व्यक्त केली. ती रास्त आहे. डायरच्या गाड्या ज्या बोळांतून आंत जाऊं शकल्या नाहींत, त्याच्या अरुंदपणानें कांहीं जीव वांचविले आणि कितीएकांचा बाहेर पडण्याचा मार्गही रोखला. ती भिंत उघडी असतांना हें सांगण्यास वाटाड्याची गरज नव्हती.

बाग पाहून झाल्यावर बहुतेक प्रवासी तेथूनच बाजाराची वाट धरतात. वेळ असल्यास तसें करूं नये. ऑक्टोबर १९२० मध्यें ती उपेक्षित मंडळी ज्या बाजूस निघाली, त्या बाजूस चालत पुन्हां सरोवराकडे यावें आणि द्वाराशीं हातांत घेतलेला प्रसाद शांतपणें खावा. तो कोणाच्या हातचा आहे, हें आज कोणी विचारीत नाहीं.